एकशे अठरा पिशव्या आणि एक हेराल्ड

पिशवी ११८
*(वर मार्करने: बॉडी आणि चासीच्या मधले रबर. बारा. सगळ्यात शेवटी काढले, म्हणून सगळ्यात आधी लागतील.)*

जुनी गाडी घरच्या घरी खोलायची तर नियम एकच. जे काढाल ते पिशवीत घाला, पिशवीवर लिहा, नंबर टाका. मग जोडताना शेवटच्या नंबरापासून सुरुवात करून उलट्या वाटेने एकावर या. डॉक्टर तेजस्विनीने हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला होता. सव्वीस वर्षं लोकांचे दात दुरुस्त केलेल्या बाईला नंबर टाकायचं वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा ही गोष्टही ११८ पासून सुरू करायला हवी. पण करणार कशी? ती पिशवी गच्चीवर दोरीला चिमटा लावून लटकत होती. रिकामी. स्वच्छ धुतलेली. मार्करचं अक्षर औषधालाही उरलेलं नव्हतं.

तिच्या शेजारी ११७ असावी. किंवा ४. किंवा ६३.

पिशवी ११७ ते १
*(वर काहीही लिहिलेलं नाही.)*

"अहो, हे काय आहे?"

"पिशव्या," दत्तप्रसाद म्हणाला. तो गच्चीच्या कठड्याला टेकून उरलेले चिमटे मोजत होता. "वाळल्या की घड्या घालून ठेवतो."

"यांच्यात सामान होतं."

"होतं ना. काढून ठेवलंय. आतून केवढं ग्रीस होतं, तेजू! तीन-तीन वेळा धुवाव्या लागल्या."

"वर लिहिलेलं होतं."

"तेच तर निघत नव्हतं. शेवटी तुझ्या दवाखान्यातलं स्पिरिट आणलं."

तेजस्विनी जवळच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली. दिवाळी चार दिवसांवर होती. घरोघरी माळे रिकामे होत होते, गाद्या उन्हात पडल्या होत्या, आणि तिच्या नवऱ्याने पार्किंगमधला कोपरा आवरला होता. मनापासून आवरला होता. या घरात दुधाची पिशवी आजवर एकदाही न धुता कचऱ्यात गेलेली नाही. तिथे चेन असलेल्या, जाडजूड, एकशे अठरा चांगल्या पिशव्या तेलकट अवस्थेत पडून राहतील अशी आशा धरणं हीच खरं तर तिची चूक. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तिला हे माहीत असायला हवं होतं.

"आणि आतलं? नट, बोल्ट, क्लिपा?"

दत्तप्रसादचा चेहरा उजळला. "चल, दाखवतो."

बरणी
*(वर छापील वाटावं अशा अक्षरात: बोल्ट, अडीच सूत, बारीक आटे. लांबीच्या चढत्या क्रमाने. एकूण ६४.)*

अशा एकवीस बरण्या. लोणच्याच्या, च्यवनप्राशच्या, कॉफीच्या. दत्तप्रसाद एका मोठ्या दवाखान्याच्या औषधभांडारात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. निवृत्तीनंतर भांडार सुटलं होतं, पण हात सुटले नव्हते. सारख्या मापाचा माल एका जागी, हा त्याचा धर्म. कुठला बोल्ट कुठल्या दाराचा, हे विचारणं त्याच्या लेखी कुठली गोळी कुठल्या पेशंटच्या पोटात जाणार हे विचारण्याइतकं निरर्थक होतं. ते भांडाराचं काम नव्हे.

बरं, तिने तरीही मार्ग काढला असता. जुन्या बोल्टवर खुणा असतात. कुठे रंगाचा थेंब, कुठे डांबर. आटे जिथपर्यंत लोखंडात बुडालेले असतात तिथपर्यंतचा गंज वेगळा. दाताचं मूळ बघून तो वरचा की खालचा हे जी बाई सांगते तिला एवढं वाचता आलं असतं.

तिने बरणीत हात घातला. बोल्ट चांदीसारखे चमकत होते.

"रॉकेलमध्ये बुडवून पितळी ब्रशने घासले," दत्तप्रसाद म्हणाला. "एकेक. आठ दिवस लागले. आता बघ, सगळे कसे एकसारखे दिसतात."

इतिवृत्तातील उतारा
*(इक्षुबन सोसायटी, मांजरी; ऑक्टोबरची सभा)*

*ठराव ७. पार्किंगमध्ये दोन वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या वस्तूबाबत चर्चा झाली. सचिव श्री. आमोद यांनी सदर वस्तू वाहन आहे की सामान, असा प्रश्न उपस्थित केला. उपविधींनुसार पार्किंगमध्ये सामान ठेवता येत नाही. यावर डॉ. तेजस्विनी यांनी "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकापर्यंत जाऊन परत येईल, नाही आली तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करीन" असे निवेदन केले. निवेदनाचे ठरावात रूपांतर करण्यात आले. सर्वानुमते मंजूर.*

हे ती रागाच्या भरात बोलली होती, हे इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही.

आमोद आयटीत टेस्टिंग करायचा. समोरचा माणूस काय बोलला यापेक्षा त्यातून नेमकी कुठली अट बाहेर पडते याच्याकडे त्याचे कान असत. "मॅडम, नो ऑफेन्स," तो सभा संपल्यावर म्हणाला होता, "पण डेट तुम्हीच दिलीत."

गाडी होती स्टँडर्ड हेराल्ड, अडुसष्ट सालची. मांजरीतल्याच एका गोठ्यामागे तिला ती सापडली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिने सहज पुढचा खटका दाबला, आणि या गाडीचं बॉनेट इतर गाड्यांसारखं किलकिलं झालं नाही. दिवे, मडगार्ड सगळ्यासकट सबंध तोंडच पुढे उघडलं. सव्वीस वर्षांत इतका मोठा 'आ' तिच्यापुढे कोणी केला नव्हता. तिच्या खुर्चीतली माणसं वीस मिनिटांत उठून जात, मध्येच जीभ घालत, चूळ भरत, शेंगदाणे कधी खायचे विचारत. तिला एक तरी तोंड असं हवं होतं की जे महिनोन्‌महिने उघडं राहील आणि तिच्याच हातून मिटेल.

आता ते भंगारात जायचं होतं, किंवा चालायचं होतं. हातात चौदा गुरुवार होते.

गुरुवारच का? दवाखाना गुरुवारी बंद, कारण गुरुवारी वीज जाते. म्हणून गाडीचं काम गुरुवारी. आणि गुरुवारी वीज जाते. ड्रिल मशीन, ग्राइंडर, पार्किंगमधला दिवा, सगळं सकाळी दहाला मान टाकायचं ते पाचपर्यंत. हे तिला खरेदीच्या वेळी सुचलं नव्हतं. आता रोज सुचत होतं.

मागणीपत्र क्र. १
*वस्तू: बोल्ट, अडीच सूत.*
*लांबी: माहीत नाही.*
*नग: माहीत नाही.*
*कारण: तुम्ही.*
*शेरा: लांबी लिहिल्याशिवाय माल देता येणार नाही. — द.*

जिन्याखाली घडीचं टेबल, टेबलावर एकवीस बरण्या, मागे प्लास्टिकच्या स्टुलावर दत्तप्रसाद. मागणीपत्राची कल्पना त्याचीच. "म्हणजे कुठे काय गेलं याची नोंद राहील," तो म्हणाला.

"नोंद होती," तेजस्विनी गाडीखालून म्हणाली. "मी केली होती. एकशे अठरा."

"ती पिशवीवर होती. नोंद वहीत करायची असते."

गाडीखाली पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हा या छंदाचा मोठाच दोष.

तिला सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल, तर तो वाईट माणूस नव्हता याचा. गाडीला त्याने एकदाही नाव ठेवलं नव्हतं. दर गुरुवारी थर्मासमधून चहा आणायचा. तिच्या पाठीखाली जुनी चादर अंथरायचा. अशा माणसावर ओरडावं तर आपणच चुकीचे ठरतो, आणि न ओरडावं तर पाना हातात घट्ट धरून बसावं लागतं.

मागणीपत्र क्र. १९
*वस्तू: बोल्ट, अडीच सूत. लांबी: पाऊण इंच असावी. नग: ४.*
*शेरा: "असावी" चालणार नाही. — द.*

या काळात "फोटो काढले नव्हते का?" असं विचारणारे

शेजारच्या काकू. त्यांचे जावई. दूधवाला. दवाखान्यातली नर्स दीपमाला. एक पेशंट, तोंडात कापूस असताना. आमोद, दोनदा. तेजस्विनीची सख्खी बहीण, फोनवर, सोलापूरहून. पाण्याचा टँकर घेऊन आलेला ड्रायव्हर, ज्याला या प्रकरणाची काहीच माहिती असायचं कारण नव्हतं.

नव्हते काढले. लिहिलं होतं ना.

फोन

"मॅडम, गाडी हाय ती. कवळी न्हाय," पोपट मिस्त्री म्हणाला. मार्केट यार्डामागे त्याचं गॅरेज होतं. कांद्याचे टेम्पो दुरुस्त करता करता तो मधूनच तिला सल्ला द्यायचा. "एखादा बोल्ट हिकडचा तिकडं झाला तर काय व्हतंय? आटं बसलं का? बसलं. मग चालतंय."

"लांबी चुकली तर आत जाऊन अडकेल कुठेतरी."

"आडाकलं तर आवाज येतोय. आवाज आला की मला फोन करा."

"तुम्ही येऊन एकदा बघता का?"

"येतो की."

पोपट मिस्त्री नोव्हेंबरपासून येत होता.

पिशवी ८२
*(हिच्यावर काय लिहिलं होतं ते तेजस्विनीला पुढे आठवणार आहे. आत्ता नाही.)*

डिसेंबरच्या चौथ्या गुरुवारी गिअरबॉक्सचं झाकण बसवायचं होतं. चार भोकं. तिने मागणीपत्र लिहिलं. क्रमांक शेहेचाळीस. दत्तप्रसादने बरणीतून चार बोल्ट काढले, फुटपट्टीला लावून पाहिले, रुमालावर एका ओळीत मांडून आणून दिले. चौघेही तंतोतंत सारखे.

चारही बसले. घट्ट बसले. तिला बरं वाटलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात झाली होती.

"बघ," दत्तप्रसाद म्हणाला, "माप नीट लिहिलं की वेळ वाचतो."

मागणीपत्र क्र. ८८
*वस्तू: शांतता. नग: १.*
*शेरा: शिल्लक नाही. चहा आहे. — द.*

बावीस जानेवारीला, म्हणजे शेवटच्या गुरुवारी, इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग ठसकलं, मग काळा धूर सोडून जिन्यातल्या तीन मजल्यांवरून तीन प्रकारच्या तक्रारी आणवल्या. पेट्रोलची टाकी अजून बसली नव्हती. तिच्या जागी दत्तप्रसादने सलाईनची बाटली आणि नळी जोडली होती. बाटली उंच धरायची, पेट्रोल आपोआप कार्बोरेटरमध्ये उतरायचं. बॉनेट नव्हतं, पुढची काच नव्हती, दारं चारपैकी एक. सीटच्या जागी भाजीचे उपडे क्रेट. पण ब्रेक पक्के होते. ते तिने तीनदा जोडले होते, तिन्ही वेळा रडकुंडीला येऊन.

पहिल्या गिअरमध्ये गाडी तीन फूट पुढे गेली. तीन फुटांवर कुणाची तरी मोटार आडवी लावलेली होती. तिथून तिने आणि दत्तप्रसादने ती ढकलून मागे आणली, कारण बाटलीतलं पेट्रोल संपलं होतं.

रिव्हर्स तपासायचा राहिला, हे तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि कंटाळा आला. चौदा गुरुवारांनंतर माणूस कुठल्याही एका गोष्टीवर विश्वास टाकतो.

सव्वीस जानेवारी

झेंडा फडकला. जन गण मन झालं. जिलेबीचं खोकं फिरू लागलं, आणि साठेक माणसं हातात द्रोण घेऊन पार्किंगच्या कडेला उभी राहिली. आमोदच्या हातात ठरावाची प्रिंट होती.

"मॅडम, रेडी?"

तेजस्विनी क्रेटवर बसली. शेजारच्या क्रेटवर दत्तप्रसाद. काच नसलेल्या चौकटीतून हात बाहेर काढून त्याने बाटली उंच धरली होती. रुग्णवाहिकेतल्या नातेवाइकासारखा चेहरा.

इंजिन लागलं. गाडी निघाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी "फोटो काढ, फोटो काढ" म्हणालं, आणि तेजस्विनीने दात आवळले. फाटकापर्यंत गेली. थांबली. ब्रेक लागला. आता रिव्हर्स.

दांडा गेला नाही.

पुन्हा. नाही. क्लच दाबून, सोडून, पुन्हा दाबून. दांडा अर्ध्यावर जाऊन कशाला तरी टेकत होता. काहीतरी आत होतं, आणि ते नको तितकं खाली उतरलेलं होतं.

तेव्हा तिला ती पिशवी आठवली. ८२. तिचंच अक्षर, मोठं, खाली दोन रेघा: *गिअरचं झाकण. तीन लांब, एक आखूड. आखूड मागे डावीकडे. विसरू नकोस, रिव्हर्स अडकेल!*

"एक आखूड होता," ती म्हणाली.

"काय?"

"झाकणाचा चौथा. आखूड होता. मी लिहिलं होतं."

दत्तप्रसादने विचार केला. बाटली तशीच वर. "आपण चारही सारखे दिले."

"हो."

"सारखे नको होते?"

तिने दांडा पुन्हा एकदा ढकलून पाहिला. जे काही बोलायचं होतं ते साठ माणसांसमोर, प्रजासत्ताक दिनी, बोलण्यासारखं नव्हतं.

आमोद खिडकीशी आला. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे तो थेट आतच आला. "मॅडम, एनी इश्यू? कारण ढकलली तर ते स्वतःच्या इंजिनावर होणार नाही."

"फाटक उघडा," तेजस्विनी म्हणाली.

"बाहेर?"

"बाहेर."

"फाटकाबाहेर सोसायटीची रिस्पॉन्सिबिलिटी—"

"आमोद. फाटक."

डावीकडे, डावीकडे, डावीकडे

मागे जाता येत नसेल तर पुढे जात राहायचं आणि वळत राहायचं. सोसायटीला वळसा घालायचा म्हणजे पाऊण किलोमीटर.

पहिल्या डाव्या वळणावर उलट्या बाजूने येणाऱ्या दोन दुचाक्या, दोघीही हॉर्न वाजवत, जणू चूक हेराल्डची. दुसऱ्या वळणावर उसाची ट्रॉली. तिच्यामागे बैलाच्या चालीने. दत्तप्रसादचा हात भरून आला. त्याने तो बदलला, आणि बदलताना बाटली क्षणभर खाली आली, इंजिन गचकलं.

"वर धरा!"

"धरलीये!"

"अजून वर!"

"हात एवढाच आहे, तेजू!"

एक स्कूटरवाला बाजूने स्कूटर चालवत राहिला. त्याने सगळी गाडी नजरेने पुढून मागे, मागून पुढे तपासली. "विकायची का?"

"नाही."

"विकायची असेल तर सांगा."

"नाही!"

"फोटो काढले होते का खोलताना? जोडायला सोपं पडतं."

तेजस्विनीने ॲक्सिलरेटर दाबला. हेराल्ड ताशी बावीसच्या वेगाने त्याला मागे टाकून गेली. गेल्या चार महिन्यांतला तो तिचा सर्वांत आनंदाचा क्षण होता, आणि तो जेमतेम दहा सेकंद टिकला.

कारण फाटक बंद होतं.

कॅटेगरी निवडा

"कोणाकडे जायचंय?" वॉचमन शंभू म्हणाला. तो आठवड्यापूर्वीच परभणीहून येऊन कामाला लागला होता, आणि नियम त्याला नुकतेच पाठ झाले होते.

"अहो, मी आत्ताच बाहेर गेले. तुमच्यासमोरून."

"जाताना बघितलं की, मॅडम. पण येताना स्टिकर लागतंय. नाहीतर ॲपवरून ॲप्रूव्हल. फ्लॅट कोणता?"

"बी दोनशे चार."

शंभूने इंटरकॉम लावला. बी दोनशे चारमध्ये घंटी वाजू लागली. बी दोनशे चारमधली दोन्ही माणसं त्याच्यासमोर क्रेटवर बसून ती वाजू देत होती.

"कोणी उचलेना," शंभू म्हणाला.

"आम्हीच ते!"

बाटलीत बोटभर पेट्रोल होतं. इंजिन थांबलं तर पुन्हा लागायला अर्धा तास, आणि मग ढकलणं आलं, आणि मग भंगारवाल्याचा फोन आला. फाटकाच्या पलीकडे माणसं दुसऱ्यांदा जिलेबी घेत होती.

"माझ्याकडे आहे ॲप," दत्तप्रसाद म्हणाला. त्याने मोकळ्या हाताने शर्टाच्या खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावरून खाली आणला. वाचू लागला. "कॅटेगरी निवडा. पाहुणे. डिलिव्हरी. कॅब. घरकाम. इतर."

"दाबा."

"पाहुणे तर नाही. कॅब म्हणता येईल, पण कॅब भाड्याची—"

"अहो, दाबा काहीतरी!"

"चुकीची एन्ट्री नको, तेजू. नंतर निस्तरत बसावं लागतं."

इंजिन ठसकलं. तिने हात लांब करून त्याच्या फोनवर जिथे बोट पडेल तिथे दाबलं. टिंग. अडसर वर गेला. हेराल्ड आत शिरली, साठ माणसांसमोरून डुगडुगत गेली, आपल्या जागेत नाकापुढून घुसली, मागचं चाक पांढरी रेघ ओलांडून आत आलं, आणि बाटली संपली.

शांतता. मागणीपत्र अठ्ठ्याऐंशी.

आमोद आला. प्रिंट एका हातात, फोन दुसऱ्या. "मॅडम, इश्यू आहे."

"बोला."

"ॲपवर ही डिलिव्हरी म्हणून आत आलीये. डिलिव्हरी म्हणजे टेक्निकली सामान."

तेजस्विनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीतल्या माणसाकडे भूल देण्याआधी पाहावं तसं.

आमोदने प्रिंट वर धरली. "पण ठरावात ॲपचा उल्लेख नाही. 'फाटकापर्यंत जाऊन परत येईल' एवढंच आहे. रिव्हर्सनेच यायला हवी असंही नाही. फाटकाच्या पलीकडे जाऊ नये असंही नाही. मी दोनदा वाचलं." त्याचा आवाज खरोखर पडलेला होता. "ड्राफ्टिंग चुकलं. माझंच होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पास." त्याने प्रिंटवर सही केली, तारीख टाकली. "गाडी राहू दे. ॲपमधली एन्ट्री मात्र मला एडिट करता येणार नाही. तशीच राहील."

तो गेला. माणसंही पांगली. दत्तप्रसाद हात खाली घेऊन दंड चोळत होता.

"पुढच्या गुरुवारी झाकण उघडू," तो म्हणाला. "आखूड बोल्ट असेल एखाद्या बरणीत. लांबी किती लिहू?"

"तुम्ही काही लिहू नका."

"बरं."

"आणि काही धुऊ नका."

"बरं." थोड्या वेळाने: "हे क्रेट परत द्यायचेत भाजीवाल्याला. पुसून दिले तर चालेल?"

उत्तर देण्याआधीच त्याचा फोन वाजला. त्याने चष्मा खाली आणून वाचलं. "तुमची डिलिव्हरी अद्याप आवारातच आहे. बाहेर पडली का? हो, नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "दर दहा मिनिटांनी विचारणार म्हणे हे. काय दाबू?"

तेजस्विनी क्रेटवरून उठली नव्हती. पुढे इंजिन गरम लोखंडाचा टिकटिक आवाज करत निवत होतं.

"नाही," ती म्हणाली. "दर वेळी नाही."